लेहमध्ये धावताना डायमॉक्सची गोळी वेग वाढवते का?

दर सप्टेंबरमध्ये होणाऱ्या लडाख मॅरेथॉनसाठी मुंबई-पुण्याचे धावपटूही लेह गाठतात. लेहची उंची सुमारे ३,५०० मीटर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा जवळपास एक तृतीयांशाने कमी असतो. म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही तेवढाच कमी. अनेकांच्या बॅगेत म्हणूनच ‘डायमॉक्स’ असते. पण ती धावायला मदत करते का?

गोळी काय करते?
डायमॉक्स म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड. या औषधामुळे मूत्रपिंडे जास्त बायकार्बोनेट बाहेर टाकतात. रक्तातील आम्लता वाढते आणि श्वासोच्छ्वास वाढतो. परिणामी शरीर उंचीला लवकर सरावते. डोकेदुखी, मळमळ, झोपमोड असे त्रास टळू शकतात.

मग वेग का वाढत नाही?
जोरात धावताना स्नायूंत आम्लता वाढते. ती शमवणारे बायकार्बोनेट गोळीने आधीच घटवलेले असते. त्यामुळे पाय लवकर थकू शकतात. वारंवार लघवी झाल्याने शरीरातील पाणी कमी होते, ते वेगळेच.

इतर औषधांचे काय?
सिल्डेनाफिल, म्हणजेच व्हायग्रातील औषध, फुप्फुसांतील रक्तवाहिन्या सैल करते. एव्हरेस्ट बेस कॅम्पवरील, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याने व्यायामक्षमता वाढल्याचे दिसले. मात्र फायदा सर्वांनाच होतो असे नाही. हृदयविकारासाठी नायट्रेट घेणाऱ्यांचा रक्तदाब यामुळे धोकादायकरीत्या घसरू शकतो.
डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड त्रास दाबते, पण शरीर उंचीला सरावत नाही. औषध थांबताच त्रास उफाळू शकतो.

नियम काय सांगतो?
‘वाडा’ या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत अ‍ॅसिटाझोलामाइडवर कायम बंदी आहे. तोंडाने घेतलेल्या डेक्सामेथासोनवर स्पर्धाकाळात बंदी आहे. चाचणीच्या कक्षेतील खेळाडूला वैद्यकीय कारणासाठी घ्यायचे असेल, तर रीतसर सवलत मिळवावी लागते.

काय करावे?
- विमानाने पोहोचल्यावर पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती.
- शक्यतो आठ-दहा दिवस आधी पोहोचा. सराव हळूहळू वाढवा.
- सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असल्यास डॉक्टरांना आधी सांगा.
- तोल जाणे, बसल्या जागी धाप लागणे, बरळणे दिसले तर गोळीवर विसंबू नका. धावणे थांबवून रुग्णालय गाठा.