पुरावा आधी जपायचा, मग शोधायचा

अमेरिकेतल्या दिवाणी दाव्यात एक टप्पा असा येतो, की आपल्याकडच्या वकिलाला तो पहिल्यांदा वाचताना खरा वाटत नाही. साक्षीपुरावा सुरू होण्याच्या कितीतरी आधी दोन्ही पक्षांनी वादाशी संबंधित कागदपत्रं एकमेकांच्या हवाली करायची असतात. समोरच्याने मागितली, तर स्वतःच्या अंगाशी येणारीसुद्धा. या टप्प्याला डिस्कव्हरी म्हणतात. १९३८च्या संघीय दिवाणी नियमांनी ही पद्धत तिथे रुजवली. पुढे फायलींची जागा ईमेलने घेतली, आणि १ डिसेंबर २००६पासून नियमांतच ‘इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवलेली माहिती’ असा स्वतंत्र उल्लेख आला. तिथल्या लॉ स्कूलांमध्ये ई-डिस्कव्हरी हा विषय शिकवला जातो आणि ऑनलाइनही शिकता येतो. त्यात नेमकं काय शिकतात आणि कोणत्या क्रमाने शिकावं, ते इथे सांगतो.

ऑनलाइन अभ्यासाची रीत साधी असते. आठवड्याला एक-दोन निकाल मुळातून वाचायचे, ध्वनिमुद्रित व्याख्यान ऐकायचं, प्रश्नाचं उत्तर लेखी द्यायचं, आणि कागदपत्रं तपासण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये लॉग-इन करून हात चालवायचा. या विषयाला ही रीत मानवते. पुरावा पडद्यावरचाच असल्यामुळे तो पडद्यावरच हाताळायला शिकणं बरं. शिवाय लेखी उत्तर सगळ्यांसमोर राहतं. निकाल न वाचता लिहिणारा लगेच उघडा पडतो.

सुरुवात बहुधा एकाच खटल्याने होते, आणि तशीच व्हायला हवी. लॉरा झुबुलेक या न्यूयॉर्कमध्ये यूबीएस वॉरबर्ग या बँकेच्या समभाग विभागात काम करत होत्या. स्त्री म्हणून आपल्याला डावललं गेलं, अशी त्यांची तक्रार होती. बँकेने ईमेलची सुमारे शंभर पानं दिली आणि एवढंच आहे म्हणून सांगितलं. पण झुबुलेकबाईंनी स्वतःच जवळपास ४५० पानांचे ईमेल हजर केले होते. म्हणजे बाकीचे कुठेतरी असणारच. ते होते बॅकअपच्या फितींवर. या फिती उलगडण्याचा खर्च मोठा, मग तो कोणी करायचा? न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी थेट उत्तर दिलं नाही. आधी पाच फिती नमुन्यादाखल उलगडायला लावल्या, त्यांतून काय निघतं ते पाहिलं, आणि मग उरलेल्या फिती उलगडण्याचा तीन चतुर्थांश खर्च बँकेवर व एक चतुर्थांश झुबुलेक यांच्यावर टाकला.

पुढे असं दिसून आलं, की काही फिती नाहीशा झाल्या आहेत आणि सूचना मिळूनही कर्मचाऱ्यांनी काही ईमेल पुसले आहेत. ‘हे ईमेल बँकेच्या विरोधातले होते असं तुम्ही मानू शकता,’ असं ज्यूरीला सांगितलं जाईल, असा आदेश २००४मध्ये झाला. २००५मध्ये ज्यूरीने २ कोटी ९० लाख डॉलरांहून अधिक भरपाई दिली.

या खटल्यातला एक मुद्दा विद्यार्थ्याने पाठच करावा: जपण्याची जबाबदारी कधी सुरू होते? दाव्याची नोटीस हाती पडते त्या दिवशी नव्हे, तर वाद कोर्टात जाणार याची वाजवी शक्यता दिसते त्या दिवशी. झुबुलेक यांनी सरकारी आयोगाकडे तक्रार केली ऑगस्ट २००१मध्ये. न्यायाधीशांनी मात्र ही जबाबदारी एप्रिलपासूनच धरली, कारण झुबुलेक यांच्याविषयीच्या काही ईमेलवर सहकारी तेव्हापासूनच ‘वकील-अशील गोपनीय’ असा मथळा लिहू लागले होते, आणि त्या पत्रव्यवहारात वकील कोणीच नव्हता.

शक्यता दिसली की ‘लिटिगेशन होल्ड’ काढतात. संबंधित माणसांची यादी करायची, त्यांना लेखी सूचना द्यायची, ठरावीक दिवसांनी ईमेल आपोआप पुसण्याची व्यवस्था बंद करायची, फिती बाजूला काढायच्या. सूचना एकदा धाडून वकील मोकळा होत नाही; ती पाळली जाते की नाही हे त्यालाच पाहावं लागतं. २०१५च्या दुरुस्तीने शिक्षेचं माप मात्र बदललं. वाजवी काळजी न घेतल्यामुळे माहिती गेली आणि ती दुसरीकडून मिळत नसेल, तर झालेलं नुकसान भरून निघेल एवढाच आदेश. ज्यूरीला विरोधी अनुमान काढायला सांगायचं, तर दुसऱ्या पक्षाला ती मिळू नये असा हेतू दिसला पाहिजे. मला ही विभागणी न्याय्य वाटते. हलगर्जीपणा आणि लबाडी यांना एकच शिक्षा असू नये.

जपल्यानंतर शोधणं. इथे आत्मविश्वास फार फसवतो. सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या बार्ट रेल्वेच्या एका अपघाताच्या दाव्यात सुमारे ४०,००० कागदपत्रं, म्हणजे साडेतीन लाखांच्या आसपास पानं संगणकात भरली होती. शब्द टाकून शोधणाऱ्या वकिलांना वाटत होतं, की उपयोगाची निदान ७५ टक्के कागदपत्रं आपल्याला मिळतात. ब्लेअर आणि मेरन या अभ्यासकांनी १९८५मध्ये मोजून दाखवलं, की प्रत्यक्षात सुमारे २० टक्केच मिळत होती. कारण माणसं एकाच गोष्टीबद्दल वेगवेगळ्या शब्दांत लिहितात. एकाच्या पत्रात ‘अपघात’ असतो, दुसऱ्याच्या पत्रात ‘ती दुर्दैवी परिस्थिती’. तपासणीच्या सरावासाठी एन्रॉन या बुडालेल्या ऊर्जा कंपनीचे ईमेल उत्तम. सरकारी चौकशीनंतर खुले झालेले, दीडशेच्या आसपास कर्मचाऱ्यांचे, जवळपास पाच लाख संदेश. खरी माणसं कामाच्या घाईत जशी लिहितात, तसेच ते लिहिलेले आहेत. त्यात एखादा शब्द टाकून बघा. नको ते किती येतं आणि हवं ते किती सुटतं, हे तासाभरात कळतं. वकील काही कागद वाचून ‘उपयोगी’ किंवा ‘निरुपयोगी’ ठरवतो आणि त्यावरून संगणक बाकीच्यांची प्रतवारी करतो, या पद्धतीला न्यायाधीश अँड्र्यू पेक यांनी २०१२मध्ये मान्यता दिली. त्या दाव्यात तीस लाखांवर ईमेल होते.

मग येतो अस्सलपणा. विजेने नुकसान झालेल्या एका बोटीच्या विमा वादात दोन्ही पक्षांनी ईमेलच्या प्रती अर्जांना नुसत्या जोडल्या; त्या खऱ्या आहेत हे कोणीच शपथेवर सांगितलं नाही. न्यायाधीश पॉल ग्रिम यांनी २००७मध्ये दोघांचेही अर्ज परत पाठवले आणि असा पुरावा कसा सादर करावा हे शंभराहून अधिक पानांत समजावलं. लॉरेन विरुद्ध मार्केल हा तो निकाल. पूर्ण वाचावा असाच आहे.

अस्सलपणाचं तांत्रिक साधन म्हणजे हॅश. कोणत्याही फाइलवर ठरावीक गणिती प्रक्रिया केली की अक्षरांची आणि अंकांची एक ओळ मिळते; एसएचए-२५६ या पद्धतीत ती ६४ चिन्हांची असते. फाइलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी सगळी ओळ बदलते. म्हणून मूळ फाइल आणि प्रत यांचे हॅश जुळले, तर मजकूर तोच आहे असं म्हणता येतं. तो मजकूर कोणी लिहिला, हे मात्र हॅश सांगत नाही. डिसेंबर २०१७पासून अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत जाणकाराचं लेखी प्रमाणपत्र अशा प्रतीला पुरतं. तेवढ्यासाठी साक्षीदार उभा करावा लागत नाही.

इथवर आलेल्या मराठी वाचकाला जालना आठवायला हवं. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत तिथला निकाल २९६ मतांनी लागला. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीत दाखल झाले की नाही, हा वाद, आणि पुरावा होता निवडणूक कार्यालयातलं चित्रीकरण. सीडी मिळाल्या, पण अशा प्रतींसाठी लागणारं पुरावा कायद्याच्या कलम ६५-बचं प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिलं नाही. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितलं, की प्रतीसाठी प्रमाणपत्र अनिवार्यच आहे. पण पक्षकाराने मिळवण्याचे सगळे प्रयत्न केले आणि ते देणं ज्याच्या हाती होतं त्यानेच दिलं नाही, तर अशक्य गोष्ट करण्याची सक्ती कायदा करत नाही. मूळ उपकरणच न्यायालयात हजर केलं, तर प्रमाणपत्राची गरज नाही.

१ जुलै २०२४पासून कलम ६५-बच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. प्रमाणपत्राचा नमुना कायद्याच्या अनुसूचीतच छापलेला आहे. त्याचे दोन भाग, एक पक्षकाराचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि दोन्हींत हॅश लिहायचा. म्हणजे आता तालुक्याच्या न्यायालयातही हा विषय टाळता येणार नाही.

तेव्हा वकिली करणाऱ्या आणि शिकणाऱ्या मित्रांना सांगणं एवढंच: सॉफ्टवेअरपासून नव्हे, झुबुलेकच्या निकालांपासून सुरुवात करा. अशील मोबाईल घेऊन समोर बसला की स्क्रीनशॉट मागण्याआधी त्याला बजावा, की फोन बदलू नकोस, विकू नकोस, रीसेट करू नकोस आणि काहीही पुसू नकोस. प्रत काढाल त्याच दिवशी हॅश लिहून ठेवा. आणि उपकरण दुसऱ्याच्या ताब्यात असेल, तर प्रमाणपत्राची मागणी पहिल्याच आठवड्यात लेखी करा, तिची पोच जपून ठेवा, आणि तरीही मिळालं नाही तर न्यायालयाकडून आदेश मागा.