रूळ तेच, मार्ग नवा

लंडनच्या वायव्येला स्टॅनमोर आहे, भुयारी रेल्वेच्या ज्युबिली मार्गाचं टोकाचं स्टेशन. १९३२ साली ते उघडलं तेव्हा तिथे मेट्रोपॉलिटन रेल्वेच्या गाड्या येत. १९३९ मध्ये स्टॅनमोरची ही शाखा बेकरलू मार्गाला जोडली गेली, १९७९ मध्ये ज्युबिलीला. लोखंड जमिनीवर आणि मार्ग नकाशावर, अशी दोघांची फारकत असल्यामुळेच हे जमलं.

लिनक्सच्या एलव्हीएमने (लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर) डिस्कच्या बाबतीत हीच फारकत केली. साध्या पार्टिशनला वाढायचं तर लगतची जागा रिकामी लागते, आणि ती बहुधा दुसऱ्या पार्टिशनने व्यापलेली असते. हाइन्झ माउएल्सहागेन यांनी १९९८ मध्ये एचपी-यूएक्स या प्रणालीतल्या व्यवस्थेच्या धर्तीवर लिनक्ससाठी एलव्हीएम लिहिलं आणि ही अडचण सुटली.

यात डिस्क किंवा पार्टिशनं एकत्र करून त्यांचा व्हॉल्यूम ग्रुप बनवतात. त्यातल्या जागेचे सारख्या मापाचे तुकडे पडतात, सहसा ४ एमबीचे. त्यांना एक्स्टेंट म्हणतात. लॉजिकल व्हॉल्यूम म्हणजे कोणते एक्स्टेंट कोणत्या क्रमाने घ्यायचे याची यादी. ते सलग असलेच पाहिजेत असं नाही, एका डिस्कवरचे असले पाहिजेत असंही नाही.

गोंधळ होतो तो पुढे. व्हॉल्यूम वाढवला तरी मोकळी जागा सांगणारी ‘डीएफ’ आज्ञा जुनाच आकडा दाखवते, कारण आतल्या फाइल सिस्टीमला या वाढीचा पत्ताच नसतो. म्हणून वाढवताना आधी व्हॉल्यूम, मग फाइल सिस्टीम. ‘एलव्हीएक्स्टेंड’ या आज्ञेला ‘-आर’ जोडला की दोन्ही एका दमात होतात. एक्सटी४ आणि एक्सएफएस या फाइल सिस्टीम तर चालू यंत्रावरही वाढतात.

कमी करताना क्रम उलटा, आणि तो चुकला तर माफी नाही. आधी व्हॉल्यूम कापला तर फाइल सिस्टीमचं शेपूट, त्यातल्या माहितीसकट, तुटतं. एक्सटी४ आधी अनमाउंट करून तपासावी लागते, मगच आकसवता येते. एक्सएफएस तर व्यवहारात आकसतच नाही, आणि २०१४ च्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ पासून तिथे तीच मूळ निवड आहे. एक्सएफएस असेल तर बॅकअप घ्या, व्हॉल्यूम नव्याने बनवा, माहिती परत आणा. दुसरा रस्ता नाही.

म्हणून माझा आग्रह असा, की पहिल्याच दिवशी सगळी जागा वाटून टाकू नका. ग्रुपमध्ये मोकळी राहिलेली जागा हवी तेव्हा, हव्या त्या व्हॉल्यूमला देता येते. स्नॅपशॉटला, म्हणजे व्हॉल्यूमच्या त्या क्षणाच्या प्रतीलाही, तीच लागते. एक मात्र ध्यानात असू द्या: दोन डिस्कवर पसरलेल्या साध्या व्हॉल्यूममधली एक डिस्क मेली तर अख्खा व्हॉल्यूम धोक्यात येतो. डिस्क कुरकुरू लागली की वेळेवर नवी जोडा, ‘पीव्हीमूव्ह’ या आज्ञेने एक्स्टेंट तिच्यावर हलवा आणि जुनी काढून घ्या. हे चालू असताना व्हॉल्यूमवरचं काम थांबवावं लागत नाही.