बंगालच्या उपसागरातले वादळ, धाराशिवातला पूर

• वाट : १३ ऑक्टोबर २०२० रोजी बंगालच्या उपसागरातील कमी दाबाची तीव्र प्रणाली आंध्रात काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर आली. तेलंगण, कर्नाटक ओलांडत ती दक्षिण महाराष्ट्रावरून अरबी समुद्राकडे गेली. काकीनाड्यापासून धाराशिव सुमारे साडेसहाशे किलोमीटर दूर.

• फटका : धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीकाठच्या शिवारात पाणी शिरले, काढून ठेवलेल्या सोयाबीनच्या गंजी वाहून गेल्या, जमिनी खरवडल्या.

• कारण : हवा १ अंश सेल्सिअसने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. ते बरसते तेव्हा दुष्काळी तालुकेही सुटत नाहीत.

• मदत : राज्याने १० हजार कोटींचे पॅकेज जाहीर केले. जिरायत आणि बागायतीला हेक्टरी १० हजार, फळबागांना २५ हजार. मर्यादा २ हेक्टर.

• विमा : खरीप २०२० च्या भरपाईचा वाद उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेला. २०२२ मध्ये निकाल शेतकऱ्यांच्या बाजूने लागला.

• पुन्हा तेच : सप्टेंबर २०२५ मध्ये जिल्ह्यातल्या परंडा, भूम तालुक्यांत महापूर आला, अडकलेल्यांना हेलिकॉप्टरने काढावे लागले. शेतकऱ्यांना एक रुपयात मिळणारा पीकविमा राज्याने त्याच खरिपापासून बंद केला होता.