संख्या हाच युक्तिवाद

चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत असो की वाळूजची, मागणीपत्र कितीही मुद्देसूद असले तरी वाटाघाटींच्या टेबलावर पहिला प्रश्न तोच असतो: तुमच्यामागे कामगार किती? महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात याचे उत्तर आकड्यात होते. ५० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात सहा महिने किमान ३० टक्के सभासद टिकवणाऱ्या युनियनला औद्योगिक न्यायालय मान्यता देई. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत, एकाहून जास्त युनियन असतील तर एकटीने वाटाघाटी करायला ५१ टक्के लागतात.

खरी दुखरी नस कंत्राटी कामगारांची. त्याच लाइनवर, त्याच शिफ्टमध्ये राबूनही कागदोपत्री ते ठेकेदाराचे. कंपनीशी त्यांचे नातेच वादात असेल, तर १९७१ च्या कायद्याखाली थेट तक्रार चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ च्या सिप्ला प्रकरणात ठरवले. कायम कामगारांपुरतीच गेटसभा घेणारी डावी युनियन निम्मी लढाई तिथेच हरते, असे मला ठामपणे वाटते. सभासदत्वाची पावती कंत्राटी कामगाराच्या हाती आधी पडायला हवी, भाषण नंतर.