ओहोटीची वेळ ही निघायची वेळ नव्हे

अलिबागला माझ्या आत्याचं घर आहे. त्यामुळे समोरच्या समुद्रातला, ओहोटीलाच चालत गाठता येणारा कुलाबा किल्ला बघायला आलेल्या पाहुण्यांना वाट दाखवण्याचं काम आमच्याकडे पिढीजात चालत आलंय. या पाहुण्यांचं एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते पूर्ण होण्याआधीच माझ्या कपाळावर आठी पडते. "ओहोटी एक वाजताची आहे ना? मग जेवून आरामात एकला निघू. सहा तास आहेत की आपल्याकडे!"

शाळेत शिकलेलं सगळ्यांच्या लक्षात असतं: सहा तास भरती, सहा तास ओहोटी. ते ढोबळमानाने खरंही आहे. पण त्यातून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे. मोबाइलवर ओहोटीची म्हणून जी वेळ दिसते, त्या क्षणी ओहोटी सुरू होत नाही, संपते. पाणी उतरायला लागून सहा तास झालेले असतात, ते सगळ्यात खाली गेलेलं असतं आणि आता फिरणार असतं. एक वाजताची ओहोटी म्हणजे एक वाजून एक मिनिटापासून भरती. किल्ल्यावर चालत जाण्याच्या मुदतीचा तो मध्य आहे, आणि आमचे पाहुणे नेमके मध्यावर बडीशेप चघळत निघतात.

बरं, पाणी चढतं तेही एका चालीने नाही. दर्यावर्दी लोक यासाठी बारा भागांचा एक अदमास वापरतात. चढायचं एकूण पाणी बारा भाग धरा. पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यातही तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे पहिल्या तासात जवळजवळ काही घडत नाही. किनाऱ्यावरचा माणूस तेवढ्यावरूनच ठरवतो की समुद्र सुस्त आहे. तिसऱ्या-चौथ्या तासात मात्र मिळून निम्मं पाणी चढून जातं.

आता एकला निघालेल्यांचा हिशेब मांडू. वीस-पंचवीस मिनिटं चालून किल्ल्यात. तिथे तटबंदी, सिद्धिविनायकाचं देऊळ, गोड्या पाण्याची पुष्करणी, शेजारचा सर्जेकोट, आणि प्रत्येक ठिकाणी फोटो. बाहेर पडायला सहज तीन वाजतात. ओहोटी आणि भरती यांत दोनच मीटरचा फरक असेल, असा अगदी मवाळ दिवस धरला तरी एव्हाना अर्धा मीटर पाणी चढलेलं असतं, आणि घाईचा तास आत्ता सुरू होत असतो. मोठ्यांच्या गुडघ्यापाशी आलेलं ते पाणी सहा वर्षांच्या मुलाच्या मांडीवर जातं, मूल चालत असताना ते वाढत राहतं, आणि ते वाहतं असतं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, त्यामुळे "गुडघाभरच तर आहे" याला फारसा अर्थ नाही. उधाणाच्या दिवशी ओहोटीची वेळ वेगळी असते, पण तेव्हा मुंबई-अलिबागकडे हा फरक चार मीटरच्या घरात जातो, म्हणजे ओहोटीनंतरच्या तेवढ्याच दोन तासांत एक मीटर पाणी.

"पण पाणी येताना दिसेलच ना?" हा पुढचा प्रश्न. किल्ल्याच्या बुरुजावर उभं राहून माणसं पश्चिमेला बघतात, कारण फोटो तिकडचा चांगला येतो. भरती आपली वाट अडवते ती मात्र पाठीमागे. किल्ला उंच खडकावर आहे, खडक आणि किनारा यांमधला पट्टा सखल आहे. पाणी किल्ल्याला दोन्ही बाजूंनी वळसा घालून या सखल भागात शिरतं. समोरच्या लाटा होत्या तिथेच वाटत असतात, आणि मागे वाट भिजून, भरून, बुडून गेलेली असते. कुलाब्याच्या जागेची निवडच त्यासाठी झाली. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये या खडकावर किल्ला बांधायला घेतला, पुढे कान्होजी आंग्रे यांनी इथून आरमार चालवलं, आणि १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज एकत्र चालून आले तेही हात हलवत परत गेले. दिवसातून दोनदा वाट बंद होणं ही या किल्ल्याची गैरसोय नसून त्याचा पहारा आहे. तो पहारेकरी आता पर्यटक आणि शत्रू असा भेद करत नाही, इतकंच.

म्हणून हिशेब उलटा करायचा. ओहोटीच्या वेळेच्या दीड-दोन तास आधी निघायचं, आणि ओहोटीच्या वेळेला किल्ल्यातून परत फिरायचं. घड्याळ विसरलात तर किल्ल्यापर्यंत ने-आण करणाऱ्या घोडागाडीवाल्यांकडे बघा. ते "चला, चला" करायला लागले की तो धंद्याचा आग्रह समजून हसू नका. आणि इतकं करूनही अडकलात तर पाण्यात उतरू नका. किल्ला कुठे जात नाही. बोट येईपर्यंत किंवा पाणी उतरेपर्यंत थांबणं कंटाळवाणं आहे, पण सोपं आहे. माणसं जीव गमावतात ती बहुतेक वेळा "आत्ता निघालो तर जमेल" या हिशेबात.

याच गैरसमजाचं धाकटं भावंड म्हणजे "गेल्या वेळी दुपारी गेलो होतो, तेव्हा कोरडं होतं." भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, कारण चंद्रही पुढे सरकलेला असतो. तारीख बघून काही कळत नाही, तिथी बघून कळतं. कोकणात जुनी माणसं तिथीची पाऊणपट करतात: चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, भरती तीनच्या सुमाराला, अष्टमी असेल तर सहाच्या. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. पाऊणपट म्हणजे रोजची पंचेचाळीस मिनिटं, खरी गती त्याहून थोडी जास्त. त्यामुळे पौर्णिमेला हा हिशेब सव्वाअकरा सांगतो आणि भरती प्रत्यक्षात बाराच्या आसपास येते. अंदाजाला हे पुरेसं आहे, जीव पणाला लावायला नाही. नेमक्या वेळा सर्व्हे ऑफ इंडिया दरवर्षी कोष्टकांत छापतं. तीही चंद्र-सूर्याच्या गणिताची असतात, वाऱ्याने किंवा वादळाने पाणी लोटलं तर त्यांचा इलाज नसतो.

या पाऊणपटीतून एक मौजेची गोष्ट निघते, आणि दिवसाच्या सहलीला येणाऱ्याने ती पक्की लक्षात ठेवावी. पौर्णिमा-अमावास्येला आपल्याकडे भरती बाराच्या सुमाराला, म्हणजे ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या. पाणी सर्वांत दूर जातं ते या उधाणाच्या दिवसांत, पण भर दुपारी वाट बुडालेली असते. दुपारी बाराला ओहोटी हवी असेल तर अष्टमीच्या आगेमागे यावं लागतं, आणि ते दिवस भांगाचे. तेव्हा पाणी फार चढत नाही, तसं फार उतरतही नाही. म्हणजे गेटवेहून मांडव्याच्या बोटीने येऊन बारा वाजता किल्ल्यासमोर उभ्या राहणाऱ्या माणसाला कडकडीत कोरडी वाट मिळायचा योग जवळजवळ नसतोच. तो "ओहोटी असूनही पाणी कसं?" म्हणून घोडागाडीवाल्यांवर चिडतो. चिडायचंच असेल तर चंद्रावर चिडावं.

आता बाकीचे गैरसमज, भराभर.

"आज समुद्रात ४.८ मीटर उंचीच्या लाटा उसळणार." दर पावसाळ्यात ही बातमी येते आणि दर पावसाळ्यात ती चुकीची असते. ४.८ मीटर ही भरतीच्या पाण्याची पातळी. ती ओहोटीचं पाणी ज्याच्या खाली क्वचितच जातं अशा एका ठरलेल्या आधारपातळीपासून मोजतात. लाटा त्या पातळीवर वेगळ्या, त्यांची उंची वाऱ्यावर ठरते. या बातमीमुळे दोन्हीकडून नुकसान होतं: काही जण दुमजली लाटा बघायला मरीन ड्राइव्हवर गर्दी करतात, आणि तसं काही दिसलं नाही की पुढच्या खऱ्या इशाऱ्यालाही हसतात. लाटांचे इशारे हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था स्वतंत्रपणे देते.

"पौर्णिमेला उधाण, अमावास्येला नाही." दोन्हींना. सूर्य, चंद्र आणि पृथ्वी दोन्ही वेळा एका रेषेत येतात. चंद्र उजळलेला दिसतो की नाही याच्याशी पाण्याला देणंघेणं नाही.

"जिथे लाटा फुटत नाहीत तिथे पोहायला सुरक्षित." बहुतेकदा उलटं. किनाऱ्यावर आलेलं पाणी आत परत जाण्यासाठी एक अरुंद वाट शोधतं, आणि त्या वाटेवर लाटा कमी फुटतात. तीच जागा शांत दिसते. हा प्रवाह खाली ओढत नाही, किनाऱ्यापासून दूर नेतो. त्याच्याविरुद्ध हात मारत बसणारा पट्टीचा पोहणाराही दमतो आणि बुडतो. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हायचं, मग वळायचं. ते जमत नसेल तर तरंगत राहून हात वर करायचा.

"धोका फक्त पावसाळ्यात." मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले तो दिवस १ फेब्रुवारी २०१६ होता.

"नारळ वाहिला की समुद्र शांत होतो." कोळी बांधव नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देतात तो पिढ्यान्‌पिढ्यांचा समुद्र वाचून. पावसाळा तेव्हा संपलेला नसतो, म्हणून पाहुण्यांनी सप्टेंबर सरेपर्यंत कळ काढावी.

"ओली वाळू घट्ट असते, गाडी जाते." जाते. परत येत नाही. थांबलेल्या गाडीच्या चाकांखाली पाणी शिरलं की तीच वाळू सैल होते, आणि मग ट्रॅक्टर शोधेपर्यंत भरती बॉनेटवर असते.

"मेलेला जेलीफिश चावत नाही." तो चावत नाहीच, डंख मारतो, आणि वाळूत पडून मेल्यावरही मारतो.

इतकं ऐकून पाहुणे विचारतात, मग यायचं तरी कधी? मुंबईहून सकाळी निघून संध्याकाळी परतायचं असेल तर द्वादशी-त्रयोदशी बघा. ओहोटी साडेतीन-चारला असते. दोनला निघा, चारच्या आत किनाऱ्यावर या. पण माझी आवडती तिथी चतुर्थी. पाणी उधाणाच्या जवळ असल्यामुळे चांगलं उतरतं, आणि ओहोटी सकाळी सव्वानऊच्या आसपास. साडेसातला उन्हाच्या आधी निघालं की वाट कोरडी मिळते. देवळातला गणपती आणि त्याची तिथी दोन्ही साधतात. अट एकच: आदल्या रात्री अलिबागला मुक्काम करावा लागतो. आत्याची तक्रार नसते. फक्त सकाळी साडेसहाला चहा ठेवला की ती विचारते, "नऊपर्यंत परत येताय ना? की मी बोटवाल्याला सांगून ठेवू?"