फ्लॅशलाइन मंगळ आर्क्टिक संशोधन केंद्र

फ्लॅशलाइन मंगळ आर्क्टिक संशोधन केंद्र हे कॅनडाच्या नुनावुत प्रदेशातील डेव्हन बेटावर असलेले संशोधन केंद्र आहे. मंगळावरील मानवी वास्तव्य आणि तेथील भूशास्त्रीय क्षेत्रकार्य यांची पृथ्वीवर तालीम करणे हा त्याचा उद्देश आहे. मार्स सोसायटी या स्वयंसेवी संस्थेने ते २००० साली उभारले.

स्थान

सुमारे ५५,००० चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचे डेव्हन बेट हे जगातील सर्वांत मोठे निर्मनुष्य बेट मानले जाते. थंड, कोरडे आणि जवळजवळ वनस्पतिहीन असल्याने त्याची गणना ध्रुवीय वाळवंटात होते. बेटावर उल्काघाताने निर्माण झालेले, सुमारे २० किलोमीटर व्यासाचे हॉटन विवर असून केंद्र त्याच्या काठाजवळ आहे. अमेरिकन अंतराळ संस्था नासाच्या साहाय्याने याच परिसरात १९९७ पासून 'हॉटन-मंगळ प्रकल्प' हा स्वतंत्र उपक्रम चालतो. ग्रहशास्त्रज्ञ पास्कल ली हे त्याचे प्रमुख होत.

उभारणी

केंद्राचे साहित्य विमानातून पॅराशूटच्या साहाय्याने टाकण्यात आले. त्यातील एक खेप पॅराशूटपासून सुटून जमिनीवर आदळली आणि क्रेन व मजल्यांचे साहित्य नष्ट झाले. तरीही स्वयंसेवकांनी लाकूड, परांची आणि हाती असलेली अवजारे वापरून जुलै २००० अखेर दुमजली, दंडगोलाकार इमारत उभी केली.

कार्यपद्धती

सहा-सात जणांची तुकडी केंद्रात राहते. बाहेर पडताना प्रत्येकाला नकली अंतराळपोशाख घालावा लागतो. जाड हातमोजे व शिरस्त्राण यांमुळे खडक फोडणे, नमुना उचलणे, भिंगातून पाहणे, टिपण घेणे ही भूशास्त्रज्ञाची नित्याची कामे संथ व कष्टप्रद होतात. त्यामुळे कोठे जायचे आणि कोणता नमुना आणायचा, याचा निर्णय आधीच काटेकोरपणे घ्यावा लागतो. मंगळावरून निघालेला संदेश पृथ्वीवर पोहोचण्यास ग्रहांच्या अंतरानुसार सुमारे ३ ते २२ मिनिटे लागतात. म्हणून काही मोहिमांत संदेशवहनात मुद्दाम विलंब ठेवला जातो. उत्तराची वाट न पाहता तुकडीने स्वतः निर्णय घ्यावा, ही त्यामागील अपेक्षा असते.

२००७ साली सात जणांच्या तुकडीने येथे सुमारे चार महिने वास्तव्य केले. मंगळावरील दिवस पृथ्वीच्या दिवसापेक्षा सुमारे ४० मिनिटांनी मोठा असतो. या तुकडीने काही काळ त्याच दिनमानाप्रमाणे जीवनक्रम ठेवला. उन्हाळ्यात तेथे सूर्य मावळत नसल्याने हा प्रयोग सुकर झाला.

भूशास्त्रीय व जैविक महत्त्व

उल्काघाताच्या दाबाने हॉटन येथील काही नाइस खडक सच्छिद्र झाले असून त्यांच्या पोकळ्यांत सायनोबॅक्टेरिया वाढलेले आढळतात. जीवसृष्टीचा संहार घडवणारा आघात पुढे सूक्ष्मजीवांना आसराही देऊ शकतो, असे यावरून दिसते. त्यामुळे मंगळावर पूर्वी जीवसृष्टी असल्यास तिच्या खुणा कोठे शोधाव्यात, याची एक दिशा मिळते.

मर्यादा

मंगळाचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे ३८ टक्के आणि तेथील हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. या दोन्ही बाबी, तसेच तेथील प्रारणांचा मारा, डेव्हन बेटावर अनुभवता येत नाहीत. उलट, मंगळावर नसलेला धोका येथे असतो: ध्रुवीय अस्वलांपासून संरक्षणासाठी बाहेर जाणाऱ्या पथकासोबत बंदूक ठेवावी लागते. हॉटन विवराच्या परिसरात प्रामुख्याने चुनखडक व डोलोमाइट आहेत, तर मंगळाच्या पृष्ठभागावर बेसाल्ट विपुल आहे. या दृष्टीने बेसाल्टमध्ये तयार झालेले महाराष्ट्रातील लोणार विवर मंगळाच्या अधिक जवळचे आहे. कोणतेही एक ठिकाण मंगळाची पूर्ण प्रतिकृती ठरू शकत नाही. डेव्हन बेटाचे महत्त्व एकांत, दुर्गमता आणि अपुऱ्या साधनांनिशी माणसे क्षेत्रकार्य कसे करतात, हे पाहण्यात आहे. तेथे झालेली चूक सुधारता येते; मंगळावर तशी संधी मिळेलच असे नाही.