समुद्राच्या फायलींची नवी नावे

आपल्या हैदराबादेला समुद्र नाही. पण मच्छीमारांना समुद्राची खबर देणारी संस्था मात्र आपल्याच शहरात आहे. भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजेच ‘इन्कॉइस’, १९९९ साली स्थापन झाले. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि पाण्यातील सूक्ष्म वनस्पतींचे हरितद्रव्य उपग्रहांच्या मदतीने पाहून, मासळी कोठे मिळण्याचा संभव आहे हे केंद्र किनाऱ्याकिनाऱ्याला कळवते. रत्नागिरी-मालवणच्या नौकाही त्यात आल्या.

उपग्रह म्हटला की मुलांच्या डोळ्यांपुढे रॉकेट येते. आम्ही आज मात्र त्यानंतरच्या एका कारकुनी वाटणाऱ्या कामाबद्दल लिहिणार आहोत. उपग्रहाकडून आलेली माहिती फायलींत ठेवावी लागते आणि प्रत्येक फाईलला नाव द्यावे लागते. अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेच्या गोडार्ड केंद्रातील एक गट अनेक उपग्रहांची समुद्राच्या रंगाची माहिती सांभाळतो व जगाला मोफत देतो. या गटाने अलीकडच्या वर्षांत आपल्या फायलींच्या नावांची पद्धत मुळापासून बदलली. ती का बदलली, आणि त्याचा त्रास कोणाला झाला, हे पाहू.

आधी पसारा किती आहे ते लक्षात घ्या. ४ मे २००२ रोजी सोडलेल्या ‘अ‍ॅक्वा’ उपग्रहावर ‘मोडिस’ नावाचे उपकरण आहे. त्याची माहिती पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांत साठवली जाते. दिवसाचे २८८ तुकडे झाले. रंग दिसायला ऊन लागते, म्हणून रात्रीचे सोडून दिले तरी वर्षाकाठी हजारो फायली उरतात, आणि हे एकाच उपकरणाचे झाले.

जुन्या पद्धतीचे नाव असे असे (मूळ नावे रोमन लिपीत असतात, आम्ही ती देवनागरीत लिहीत आहोत): ए२००४३६१०८३५००.एल२_एलएसी_ओसी. पहिले अक्षर ‘ए’ म्हणजे अ‍ॅक्वा. पुढे वर्ष २००४. मग ३६१, म्हणजे वर्षाचा ३६१ वा दिवस. मग ८ वाजून ३५ मिनिटे ० सेकंद, तीही ग्रिनिचची जागतिक वेळ; आपल्याकडे तेव्हा दुपारचे २ वाजून ५ मिनिटे झालेले असतात.

आता ३६१ वा दिवस म्हणजे कोणती तारीख? २००४ हे लीप वर्ष. ३६६ मधून ३६१ गेले, पाच दिवस उरले, म्हणजे २६ डिसेंबर. हाच तो त्सुनामीचा दिवस. पण वर्ष २००५ असेल तर ३६१ वा दिवस २७ डिसेंबर ठरतो. डिसेंबरच्या मासिक सरासरीच्या फाईलवर २००४ साली ३३६ ते ३६६ असे आकडे येत, तर २००५ साली ३३५ ते ३६५. महिना तोच, नाव निराळे! तारीख विचारावी आणि समोरच्याने पंचांग काढून बसावे, असा हा प्रकार होता. (या दिवस-क्रमांकाला पुष्कळ लोक ‘ज्यूलियन दिवस’ म्हणतात, ते बरोबर नाही. खगोलशास्त्रातला ज्यूलियन दिवस इसवी सनपूर्व ४७१३ पासून सलग मोजला जातो आणि त्याचा आकडा आता चोवीस लाखांच्या पुढे गेला आहे.)

दुसरी अडचण पहिल्या अक्षराची. १९९७ साली ‘सी-विफ्स’ उपकरण अवकाशात गेले, त्याला ‘एस’ अक्षर मिळाले. ‘टेरा’ला ‘टी’, अ‍ॅक्वाला ‘ए’. उपकरणे चार-दोन होती तोवर हे छान चालले. पुढे ‘व्हिअर्स’ या उपकरणाला ‘व्ही’ दिले. पण हे उपकरण २०११ मध्ये सुओमी उपग्रहावर गेले आणि २०१७ मध्ये तसेच दुसरे ‘नोआ-२०’वर. दोन्हींचे अक्षर ‘व्ही’. वर्गात दोन कुलकर्णी आले की गुरुजी नुसत्या आडनावाने हाक मारू शकत नाहीत, तसेच झाले. शिवाय सुओमी आणि युरोपचा सेंटिनेल यांचेही इंग्रजी आद्याक्षर ‘एस’च.

तिसरी गोष्ट आम्हाला विशेष गमतीची वाटली. नावातले ‘एलएसी’ हे सी-विफ्सच्या काळातले. त्या उपग्रहावर साठवणुकीला जागा कमी होती, म्हणून जगभरची माहिती सुमारे चार किलोमीटरच्या विरळ टप्प्याने साठवत आणि थोड्या भागाची एक किलोमीटरच्या बारकाईने. बारीक ती ‘एलएसी’, विरळ ती ‘जीएसी’. मोडिसमध्ये असा भेदच नव्हता, तरी ‘एलएसी’ ही खूण फायलींवर वर्षानुवर्षे येतच राहिली.

नवी पद्धत अशी: अ‍ॅक्वा_मोडिस.२००४१२२६टी०८३५००.एल२.ओसी.एनसी. उपग्रहाचे नाव, उपकरणाचे नाव, मग वर्ष-महिना-दिवस, ‘टी’ या अक्षरानंतर वेळ, मग प्रक्रियेची पातळी, मग विषय. प्रत्येक भाग टिंबाने तोडलेला. व्हिअर्सची दोन भावंडेही आता ‘एसएनपीपी_व्हिअर्स’ आणि ‘जेपीएसएस१_व्हिअर्स’ अशी वेगळी ओळखू येतात. यातले ‘जेपीएसएस१’ म्हणजेच नोआ-२०. उपग्रह जमिनीवर असतानाचे नाव एक आणि कक्षेत गेल्यावरचे दुसरे. फाईलवर पाळण्यातलेच नाव राहिले. आपला ओशनसॅट-३ देखील २०२२ साली ‘ईओएस-०६’ या नावाने उडाला.

बदल योग्यच होता असे आमचे मत आहे. पण तो फुकट झाला नाही. जगभरच्या विद्यार्थ्यांनी, संशोधकांनी असे संगणक-प्रोग्रॅम लिहून ठेवले होते की नावाचे दुसरे ते पाचवे अक्षर घ्या, ते वर्ष. नव्या नावात त्या जागी अ‍ॅक्वाचीच उरलेली अक्षरे आली. प्रोग्रॅम तिथे अडून थांबला तर बरे, चूक लगेच कळते. अवघड जागेचे दुखणे निराळेच आहे. ‘ए’ने सुरू होणाऱ्या सगळ्या फायली घ्या, असे सांगणाऱ्या प्रोग्रॅमला जुन्या व नव्या दोन्ही सापडतात, कारण अ‍ॅक्वाचेही इंग्रजी आद्याक्षर ‘ए’च. एका फोल्डरमध्ये दोन्ही असल्या तर तोच दिवस दोनदा मोजला जातो आणि महिन्याची सरासरी गुपचूप बिघडते.

एका बाबतीत जुनी पद्धत सरस होती हेही सांगायला हवे. आठ-आठ दिवसांच्या सरासऱ्या वर्षाच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. ६५ व्या दिवशी सुरू होणारा आठवडा जुन्या नावात दरवर्षी ६५ च दिसे. नव्या नावात तो कधी ६ मार्च, कधी लीप वर्षामुळे ५ मार्च.

सर्वांत नाजूक मुद्दा आवृत्तीचा. उपकरण अवकाशात म्हातारे होते, त्याची नजर मंदावते. ती मंदी नीट मोजता आली की पहिल्या दिवसापासूनची सगळी माहिती पुन्हा नव्याने काढतात. पण अ‍ॅक्वाच्या फाईलचे नाव त्यानंतरही तेच राहू शकते. कितव्या वेळची आहे हे फाईल उघडून आतल्या नोंदीत पाहावे लागते. एखाद्याने अर्धी वर्षे जुन्या आवृत्तीची आणि अर्धी नवीची जोडली, तर अरबी समुद्रातले हरितद्रव्य एका वर्षात एकदम वाढले किंवा घटले असे दिसेल. समुद्रात काहीच घडलेले नसेल, फक्त हिशेब बदललेला असेल. समुद्र तापतो आहे, त्यातली प्लवक वनस्पती कमी होते आहे का, हे प्रश्न वीस-पंचवीस वर्षांच्या सलग नोंदींवर सोडवायचे असतात. तिथे अशी चूक महागात पडते.

८ फेब्रुवारी २०२४ रोजी सोडलेल्या ‘पेस’ उपग्रहाच्या फायलींत ही उणीव भरून काढली आहे. तिथे नावातच ‘व्ही३_०’ अशी आवृत्तीची खूण असते, त्यामुळे दोन आवृत्त्या शेजारी ठेवल्या तरी फाईल न उघडता वेगळ्या ओळखता येतात.